काठीची माळ कुणी केली?

काल रात्री टीव्हीवर परत 'देवदास' लागला होता, २००२ चा. लग्न ठरलेल्या पारोच्या कपाळावर देवदास मोत्यांची माळ मारतो, रक्त येतं, आणि शेजारी बसलेली माझी भाची म्हणते, "किती रोमँटिक ना!" तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

शरदबाबूंच्या (शरच्चंद्र चट्टोपाध्याय) १९१७ च्या मूळ कादंबरीत माळ नाहीय. मासे धरायच्या गळाची काठी आहे. घाटावर पारो ताठ मानेनं उत्तर देते, ते त्याला सोसत नाही, तो काठी हाणतो आणि वर चंद्रालाही डाग असतोच की, असं सांगतो. वाचताना त्याची चीड येते. यायलाच पाहिजे. काठीची माळ कुणी केली? कशाला केली?

बेळगावच्या वडगावात आमच्या आत्तीला हे पान मी वाचून दाखवलं होतं. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, शेजारी मागाचा खटखटाट चालू. तिच्या कपाळावर वण आहे, ताटाच्या कडेचा. काकांनी, तिच्या नवऱ्यानं, फेकलेलं ताट. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "थांब, परत वाच ते."

'गाइड'चंही तेच. आर. के. नारायणांच्या कादंबरीतला (१९५८) राजू परक्याच्या बायकोत गुंततो, तिच्या पैशावर ऐट करतो, तिची खोटी सही मारतो. १९६५ च्या सिनेमात नवऱ्यालाच बाहेरख्याली दाखवला, म्हणजे राजूनं तिला सोडवलं असं वाटावं. कादंबरीत शेवटी पाऊस आला की नाही ते कळत नाही. सिनेमात धो धो पडतो, राजूचं सगळं धुऊन निघतं. आपल्या कर्नाटकातल्याच माणसानं लिहिलेला राजू हा, असा चकचकीत का करायचा?

असूंदे, सिनेमाला तिकिटं खपवायची असतात. देव आनंदला कोण वाईट बघणार? आणि देवदास काही खलनायक नव्हे, हेही खरं. पण मारणारा हात गोड करून दाखवला की मार खाल्लेल्या बाईनं काय करायचं, सांगा की.

मी ते पान परत वाचलं. आत्ती म्हणाली, "लिवलंय बघ कुणीतरी." एवढंच.

तीस वर्षं ती रुपयाएवढं कुंकू लावायची. आम्हा पोरांना वाटायचं, आत्तीला हौस आहे. काका गेले, बायकांनी तिचं कुंकू पुसलं, तेव्हा तो वण मी पहिल्यांदा बघितला. भाचीला आज फोन करून हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "मामा, ते पुस्तक आहे का तुमच्याकडं?"