पाणी किती फुटांवर?

"बोअर किती फूट मारली?" आमच्या सांगली जिल्ह्यात पाण्याची चौकशी इथंच सुरू होते आणि इथंच संपते. सहाशे म्हणणाऱ्याचा जरा रुबाबच असतो.

खरं तर मिरज-वाळव्याकडं कृष्णाकाठच्या काळ्या रानांत जरा खणलं की पाणी दिसतं. उसाला पाट सोडून सोडून जमिनी पाणथळ झाल्या, क्षार वर आले, आता सच्छिद्र पाईप पुरून तेच पाणी बाहेर काढायची वेळ आलीय. आणि त्याच जिल्ह्यात जत-आटपाडीला पाचशे फुटांवर नुसता फुफाटा उडतो.

हा फरक निव्वळ पावसाचा किंवा कालव्याचा नाही. आपल्याखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर आहेत. वर माती, मग मुरूम, मग कुजका-फुटका खडक. पाणी मुख्यतः यात साठतं. त्याखालच्या सलग काळ्या कातळात पाणी मावायला जागाच नसते. खाली सापडलंच तर भेगेत, नाहीतर दोन थरांच्या सांध्यात, लाल गेरूच्या पट्ट्याच्या आसपास. ती भेग तुमच्या बांधाखालून गेली असेल आणि शेजाऱ्याला चुकवून गेली असेल. म्हणून शेजाऱ्याला तीनशेवर लागलं म्हणजे आपल्याला साडेतीनशेवर लागेल, हा हिशोब मला कधीच पटला नाही. (तळहातावर नारळ धरून पाणी दाखवणाऱ्या पाणाड्याबद्दल बोलत नाही, घरात वाद होतात.)

अजून एक घोळ. तीनशेवर लागलेलं पाणी दाबाखाली असलं तर पाईपात शंभरापर्यंतही चढून बसतं. मग पाणी किती फुटांवर म्हणायचं? 'लागलं' कुठं आणि 'उभं' कुठं, हे दोन वेगळे आकडे आहेत.

राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे. बोअर मारणाऱ्या गाडीवाल्याला सांगून बघा, हसेल. पण त्यामागं कारण आहे. केसिंग, म्हणजे भोकाच्या वरच्या भागात बसवायचा पाईप, अपुरं टाकून खोल भोक पाडलं की वरच्या मुरमातलं पाणी त्या भोकातून खालच्या भेगेत उतरतं आणि शेजारची जुनी विहीर कोरडी पडते. मग तो विहीरवालाही गाडी बोलावतो.

माझं मागणं छोटं आहे. बोअर मारताना मुरूम किती फुटांवर संपला, गेरू कुठं आला, पाणी कुठं लागलं, हे वहीत लिहा आणि ग्रामपंचायतीत जमा करा. फेल गेलेल्या बोअरचं तर आधी लिहा. पुढच्या माणसाचे लाखभर रुपये वाचतील.