तिच्या हातातली वही काढून घेऊ नका

गेल्या महिन्यात आमच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर आला. त्याआधी तो माहेरच्या ग्रुपवर आणि शाळेतल्या जुन्या शिक्षिकांच्या ग्रुपवरही येऊन गेला होता, म्हणजे आमच्या गोव्यात फोंड्यापासून डिचोलीपर्यंत बराच फिरला असणार. त्यात लिहिलेलं थोडक्यात असं: अंडाशयाचा कॅन्सर बाईने मनात दाबून ठेवलेल्या दुःखातून होतो. तो झालेल्या बाईने दुःखाबद्दल लिहू नये, कारण लिहिलेलं दुःख शरीरात मुरतं आणि गाठ वाढते. त्याऐवजी तिने रोज २१ वेळा ‘मी बरी झाले आहे’ असं वहीत लिहावं. २१ दिवसांत रिपोर्ट बदलतो. आणि घरच्यांनी तिच्यासमोर आजाराचं नावसुद्धा काढू नये. शेवटी हात जोडलेले आणि ‘प्रत्येक भगिनीपर्यंत पोचवा’.

माझ्या थोरल्या बहिणीला हा कॅन्सर आहे. ती रात्री वही लिहायची. हा मजकूर वाचून तिच्या नणंदेने, अगदी मायेपोटी, ती वही उचलून कपाटात ठेवून दिली आणि तिथे एक कोरी वही आणून ठेवली, २१ वेळा लिहायला. ताई काही बोलली नाही. मला मात्र गप्प राहवत नाही.

पहिली गोष्ट, दाबलेल्या दुःखातून हा कॅन्सर होतो ही. वाढतं वय, घराण्यातून आलेला जनुकीय दोष, आयुष्यात किती वेळा बीज सुटलं याचा हिशेब, ही या कॅन्सरची माहीत असलेली कारणं. बाळंतपणं, अंगावर पाजणं, गर्भनिरोधक गोळ्या यांनी धोका कमी होतो, कारण त्या काळात बीज सुटणं थांबतं. बीआरसीए-१ या जनुकात दोष असेल तर आयुष्यभरातला धोका ४० टक्क्यांच्या आसपास जातो, बीआरसीए-२ मध्ये १५ टक्क्यांच्या आसपास. एरवी तो शंभरात एकीच्या घरात असतो. या कॅन्सरचा जो प्रकार सर्वांत जास्त आढळतो, त्याची सुरुवात पुष्कळदा अंडाशयात होतही नाही, ती बीजवाहिनीच्या टोकाशी होते. मग ‘अंडाशयात साठलेलं दुःख’ नेमकं कुठे साठलं म्हणायचं? ताणाची संप्रेरकं गाठीवर काय परिणाम करतात यावर प्रयोगशाळांत काम चालू आहे, ते मी नाकारत नाही. पण तिथून ‘तू कुढत राहिलीस म्हणून तुला हे झालं’ इथवर उडी मारणं म्हणजे आजारी बाईच्या डोक्यावर आरोप ठेवणं. ताईने मला खरंच विचारलं होतं, ‘सासूबाई गेल्या तेव्हा मी रडले नाही, त्याचं असेल का गं?’

(ग्रुपवरच्या त्या मजकुरात लक्षणांबद्दल एक ओळही नाही, आणि खरी गरज तिची होती. पोट सतत फुगलेलं वाटणं, चार घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखं लघवीला जावं लागणं हे नव्याने सुरू होऊन दोन-तीन आठवडे टिकलं तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. आपण गॅस म्हणून ओवा खात बसतो. ताईने सहा महिने खाल्ला. आणि पॅप तपासणी चांगली आली म्हणून निर्धास्त होऊ नका. ती गर्भाशयाच्या मुखाची तपासणी आहे, अंडाशयाची नाही.)

आता दुसरा मुद्दा, लिहिल्याने दुःख मुरतं हा. मनातलं लिहून काढणं या गोष्टीवर चाळीसेक वर्षं संशोधन चालू आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी १९८६ साली पहिला प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयातल्या मुलांना चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक अनुभवाबद्दल लिहायला सांगितलं. ज्यांनी घटना आणि त्यामागच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या काही महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. लिहून झाल्यावर लगेच मात्र त्यांना जास्त उदास वाटलं होतं. मजकूर लिहिणाऱ्याने कदाचित एवढंच पाहिलं असेल: बाई लिहिते आणि डोळे पुसते, म्हणजे लिहिणं वाईट. ती उदासी बहुतेकांची तास-दोन तासांत ओसरते.

२००२ साली ॲनेट स्टँटन यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या ६० स्त्रियांवर प्रयोग केला. काहींनी आजाराबद्दलच्या खोलवरच्या भावना लिहिल्या, काहींनी आजारातून हाती लागलेलं चांगलं काही लिहिलं, काहींनी फक्त उपचारांची माहिती. तीन महिन्यांनी भावना लिहिणाऱ्यांच्या शारीरिक तक्रारी माहिती लिहिणाऱ्यांपेक्षा कमी होत्या. चांगलं लिहिणाऱ्यांच्याही दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या होत्या, हे सांगायला हवं. पण ते चांगलं त्यांचं त्यांनी शोधलेलं होतं, कुणी घोटायला दिलेलं वाक्य नव्हतं.

आणि संशोधन बाजूला ठेवलं तरी आपल्या आज्या-पणज्यांनी काय केलं? पहाटे जात्यावर बसून सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेलं लेकरू, सगळं ओवीत घातलं. शब्दांत आणलेलं दुःख अंगात मुरत असतं तर त्या बायका पीठ दळून उठल्याच नसत्या.

इथे माझ्याच बाजूच्या लोकांनाही एक सांगायचं आहे. त्या मजकुराला उत्तर म्हणून ग्रुपवर एकीने लिहिलं, ‘उलट लिहिल्याने कॅन्सर बरा होतो.’ नाही होत. गाठीवर उपाय शस्त्रक्रिया आणि केमो. लिहिण्याचा मनाला होणारा फायदाही सरासरीत लहानच आहे. २०१५ साली कॅन्सरच्या रुग्णांवरचे असे प्रयोग एकत्र करून पाहिले गेले तेव्हा सरसकट सर्वांना फायदा दिसला नाही. त्यातही बहुतेक अभ्यास स्तनाच्या कॅन्सरवरचे, अंडाशयाच्या कॅन्सरवर थोडे. म्हणजे काहींना उपयोग होतो, काहींना होत नाही. माझं म्हणणं एवढंच की जिला होतो तिच्या हातातून वही काढू नका, आणि जिला नको तिच्या हातात कोंबू नका.

तिसरा मुद्दा २१ वेळा ‘मी बरी झाले आहे’. मला सर्वांत जास्त राग याचा येतो. मन प्रसन्न ठेवलं की आयुष्य वाढतं का, हे तपासून पाहिलेलं आहे. २००७ साली जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांची माहिती तपासली. मनःस्थिती आणि जगण्याचा काळ यांत संबंध सापडला नाही. त्याआधी १९८९ साली डेव्हिड स्पीगल यांच्या छोट्या अभ्यासात, आधारगटात बसणाऱ्या, पसरलेल्या स्तनकॅन्सरच्या स्त्रिया जवळजवळ दुप्पट काळ जगल्याचं दिसलं होतं आणि जगभर आशा पालवली होती. पण २००१ साली २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग झाला तेव्हा आयुष्य वाढलेलं दिसलं नाही, आणि २००७ मध्ये खुद्द स्पीगल यांच्या पुढच्या प्रयोगातही नाही. २००१ च्या प्रयोगात वेदना आणि मनाचा त्रास मात्र कमी झाला होता, विशेषतः ज्या आधीच फार खचल्या होत्या त्यांचा. ज्या गटांत मरणाबद्दलही मोकळेपणी बोललं जायचं, ते हे गट.

२१ दिवसांचा आकडाही कसा जुळतो पाहा. ताईला पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधं दर २१ दिवसांनी मिळतात. म्हणजे २१ दिवसांनी सीए-१२५ चा, म्हणजे या कॅन्सरसाठीच्या रक्ततपासणीचा, आकडा उतरला तर तो औषधाने उतरलेला असणार, आणि श्रेय जाणार वहीला. आणि चढला तर? तर बाई म्हणणार, माझंच लिहिणं मनापासून झालं नसेल. हा आजार प्रगत अवस्थेत सापडला तर उपचारांनंतरही बहुतेकींमध्ये उलटून येतो. त्या दिवशी तिच्या वाट्याला आजार तर येईलच, वर नापास झाल्याची भावनाही. जिमी हॉलंड या कॅन्सररुग्णांच्या मनाच्या उपचारांचा पाया घालणाऱ्या डॉक्टरांपैकी. त्यांनी या सक्तीच्या आशावादाला जुलूमच म्हटलं होतं.

चौथं, आजाराचं नाव काढू नये. आपल्याकडे ते आधीच कुणी काढत नाही. ‘बांबोळीला जाते’, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी इस्पितळात, एवढंच म्हणतात, पुढचं समजून घ्यायचं. देवळात, बाजारात, चवथीला घरी आलेला प्रत्येक जण विचारतो, ‘कशी आसा गो?’ आणि ताई म्हणते, ‘बरी आसां.’ नवऱ्याला तेच, मुलीला तेच. मुलीला तर जास्तच, कारण जनुकाची तपासणी मुलीनेही करावी का हा प्रश्न घरात कुणी उच्चारलेला नाही. दिवसभर ‘बरी आसां’ म्हणणाऱ्या बाईला रात्री तेच वाक्य २१ वेळा लिहायला लावायचं! वही हीच तर एक जागा होती, जिथे तिला बरं असावं लागत नव्हतं.

ती काय लिहिते ते मी वाचलेलं नाही. तिने सांगितलं तेवढंच ठाऊक आहे. केमोच्या आधी स्टिरॉइड देतात, त्या रात्री झोप येत नाही. दोन वाजता उठून ती लिहिते. मराठी शाळेत शिकलो म्हणून हात मराठीत चालतो, पण रडू आलं की मधेच कोंकणी येते, आणि ते पुसायचं नाही असं तिने ठरवलं आहे. चाळिशीत आजारी पडलेल्या एका ओळखीच्या बाईने अचानक आलेल्या पाळीबंदीबद्दल, नवऱ्याशी तुटलेल्या जवळिकीबद्दल लिहून ते कागद चुलीत घातले. तेही चालतं. कुणाला दाखवायचंच नसतं.

कुणाला करून पाहायचं असेल तर पेनेबेकर यांची पद्धत साधी आहे. तीन-चार दिवस, रोज १५ ते २० मिनिटं, एकटीने. शुद्धलेखन नको, सुंदर वाक्यं नकोत. निदान कळल्याच्या पहिल्या धक्क्यात घाई नको. लिहिताना फारच असह्य झालं तर थांबायचं, विषय बदलायचा. पॅक्लिटॅक्सेलने बोटं बधिर होतात, पेन सुटतं. तेव्हा जाड पेन घ्या, नाहीतर फोनवर बोलून ठेवा. आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, जगणं नको वाटतं असं असेल तर वहीवर भागवू नका. आपल्या डॉक्टरांना सांगा, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर कधीही फोन करा.

नणंदेशी मी परवा बोलले. तिला वाईट वाटलं. तिला खरंच वाटलं होतं की आपण ताईला वाचवतो आहोत. दुसऱ्या दिवशी तिने जुनी वही कपाटातून काढून उशाशी ठेवली. कोरीही तिथेच राहू दिली, कारण जुनीची चारच पानं उरली आहेत. सोमवारी पाचवी केमो आहे. पिशवीत फाइल, शाल, पेजेचा थर्मास आणि रबरी पकडीचं एक जाड पेन भरून ठेवलं आहे.