वाळूचं पोतं लटकवून पात्याची ताकद कळते का?

पवनचक्कीच्या लाकडी पात्याची चाचणी घेण्यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात टोकाला चाळीस किलोचं वाळूचं पोतं लटकवलं आणि पातं मोडलं नाही म्हणून ते 'पास', हे काही पटलं नाही. वारा फक्त टोकावर दाबत नाही, पूर्ण पात्यावर दाबतो. म्हणून पोती बुंध्यापासून टोकापर्यंत वाटून ठेवा. वाऱ्याकडची बाजू वर असू द्या, कारण फिरताना ताण त्याच बाजूला येतो. पोती काढल्यावर टोक मूळ उंचीवर परत आलं का, तेही मोजा. नाही आलं तर आतले तंतू गेलेत असं समजा.

दुसरं म्हणजे फिरताना पात्याला आसापासून बाहेर ओढणारा जोर. एक किलोचं पातं, वजनाचा मध्य आसापासून अर्ध्या मीटरवर आणि मिनिटाला ५०० फेरे धरले, तर बुंध्यावर साधारण १४० किलोची ओढ बसते. फेरे दुप्पट झाले की ओढ चौपट! आमच्याकडं बीडच्या बाजूला वळवाचं वारं सुटलं की मशीन सैराट होतं, तेव्हा हाच हिशोब लागतो.

माझं पहिलं सागवानी पातं पोत्यांना पुरून उरलं होतं. पुढं बोल्टच्या भोकातून लाकडाच्या रेषेच्या दिशेनं केसाएवढा तडा गेला. भोक कडेच्या फार जवळ पाडलं होतं, चूक माझीच. उन्हाळ्यात लाकूड आकसून बोल्ट ढिले झाले होते ते वेगळंच. आता मी बुंध्याजवळ गाठ दिसली की ती फळी सरळ बाजूला ठेवतो, सुतार कितीही म्हणू दे "काय होत नाही".