डबे वाढवा, पण आधी लूप मोजा

खच्चून भरलेल्या पॅसेंजरचा व्हिडिओ आला की पहिली कमेंट ठरलेली: "अरे, डबे वाढवा ना!" आणि त्यावरचं उत्तरही ठरलेलं: "फलाट पुरत नाहीत." मला हे उत्तर अर्धंच खरं वाटतं.

अडचण आहे, नाही असं नाही. एक डबा साधारण २० ते २३ मीटरचा. चाराचे आठ केले की प्रत्येक थांब्यावर ऐंशी-नव्वद मीटर फलाट वाढवायचा. कुठे फलाट संपतो तिथेच फाटक, कुठे पूल, कुठे वळण. आणि वळणावर डब्याचं दार आणि फलाट यांत फट पडते. लंडनच्या फॅरिंग्डन स्टेशनात बारा डब्यांच्या गाड्यांसाठी फलाट लांबवताना उत्तरेला चढ आडवा आला. म्हणून दक्षिणेकडे वाढवले आणि त्यापायी तिथून मूरगेट स्टेशनाकडे जाणारा रेल्वेचा फाटा २००९ साली कायमचा बंद झाला.

पण म्हणून सगळ्यात आखूड फलाटानं अख्ख्या मार्गाची गाडी ठरवायची? स्कॉटलंडमधलं ब्यूली पाहा. १९६० साली बंद पडलेलं स्टेशन २००२ मध्ये पुन्हा सुरू केलं, तेही जेमतेम १५ मीटरच्या फलाटावर. एका डब्याहूनही आखूड! गाडी थांबते, एकच दार उघडतं, उतरणारे आधीच त्या दाराशी येऊन उभे असतात. झालं.

अर्थात त्यासाठी दारं यंत्रानं बंद होणारी आणि वेगवेगळी उघडता येणारी हवीत, गाडीत घोषणाही नीट ऐकू यायला हवी. जिथे दारं हातानं उघडतात तिथे शेवटच्या डब्यातली म्हातारी बाई पायरीवर बसते, पिशवी आधी खाली सोडते आणि पायानं खडी चाचपत उतरते. हा उपाय नव्हे, हा छळ आहे. अशा गाड्यांना फलाट वाढवूनच द्यायला हवा.

आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्यांचं क्रॉसिंग लूपवर होतं. लूप म्हणजे स्टेशनात मुख्य रुळाला समांतर असलेली बाजूची लाइन; एक गाडी तिथे थांबते आणि दुसरी शेजारून निघून जाते. एक गाडी लांब आणि दुसरी लूपमध्ये मावणारी असेल तर कसंबसं जमतं. दोन्ही लूपपेक्षा लांब झाल्या की त्या स्टेशनात क्रॉसिंग होतच नाही. एकीला मागच्या मोठ्या स्टेशनात थांबवून ठेवावं लागतं. म्हणजे डबे वाढवून वेळापत्रकच कोलमडायचं. शिवाय फलाटासारखी इथे पळवाट नाही. चार दारं बंद ठेवून लूप लांब होत नाही. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे हलवा, सिग्नल हलवा, शेजारची जमीन घ्या, सगळंच आलं.

हुबळीचा १५०७ मीटरचा फलाट विक्रम म्हणून सगळीकडे झळकला. लूप लांबवल्याची बातमी कधी वाचलीत? फीत कापायला तिथे काही नसतंच म्हणा.

तेव्हा निवेदनं जरूर द्या, पण "फलाट वाढवा" एवढंच लिहू नका. मार्गावरच्या प्रत्येक क्रॉसिंग स्टेशनात किती डब्यांची गाडी मावते त्याची यादी मागा. सगळ्यात आखूड लूप कोणता ते कळलं की पैसा आधी कुठे घालायचा हे वेगळं सांगावं लागणार नाही.