पडका बंगला जपण्याची मुंबईकर रीत

अंधेरी-वांद्रे शहराबाहेर गणले जात होते, त्या काळी पणजोबांनी हवापालटासाठी बांधलेला कौलारू बंगला आपल्या वाट्याला आला असेल आणि १९९५पासूनच्या वारसा नियमांमुळे तो परवानगीवाचून पाडता येत नसेल, तर आपण खचून जाऊ नये. खचण्याचे काम बंगल्याकडे सोपवावे.

सुरुवात छपरापासून करावी, म्हणजे तेथे काहीही करू नये. शाकारणी, म्हणजे पावसाळ्यापूर्वी कौले फेरणे, टाळली की चार फुटक्या कौलांतून गळणारे जुलैचे पाणी सागवानी तुळईच्या भिंतीत रुतलेल्या टोकापर्यंत बरोबर पोहोचते, आणि मधला भाग कितीही टणक दिसला तरी ते टोक आतल्या आत कुजून वाळवीच्या स्वाधीन होते. अभियंता नेमके तेथेच हातोडी ठोकून आवाज ऐकू लागला, तर त्याला तातडीने चहाला बसवावे. भिंतीतल्या पिंपळाच्या फांद्या तेवढ्या छाटून दाखवाव्यात. मुळे दगडांचे सांधे उकलत राहतातच, आणि पिंपळ उपटणे आपल्या श्रद्धेतही बसत नाही.

डागडुजी करून दाखवावीच लागली, तर सिमेंटसारखा सखा नाही. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना ओल शोषतो, बाहेरही सोडतो आणि भिंत किंचित हलली तर सांभाळून घेतो. त्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा चढवला की आत शिरलेल्या पाण्याची वाट बंद होते, क्षार विटेच्या दर्शनी थरामागे साठतात आणि काही पावसाळ्यांनी गिलाव्याबरोबर विटेचा पापुद्राही हातात येतो. तोवर बंगला नवाकोरा दिसतो आणि ठेकेदाराचे बिलही चुकते झालेले असते. याउलट चुना मुरवणे, सुरखी म्हणजे विटांची भुकटी त्यात कालवणे, तड्यावर काचपट्टी चिकटवून ती फुटते का हे महिनोन्‌महिने पाहणे, कमानीला आधी टेकू देऊन मगच वरच्या भिंतीला हात लावणे, हे चिकाटीचे उद्योग ज्यांना वेळ आहे त्यांनी करावेत. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या जीर्णोद्धाराला २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, हे खरे. पण पुरस्कारावर चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडावर बांधता येणारे क्षेत्रफळ, मिळते का?

मग तीस वर्षांवरील इमारतींना सक्तीची असलेली संरचनात्मक तपासणी उजळ माथ्याने करून घ्यावी आणि अहवालात ‘सी-१’, म्हणजे अतिधोकादायक, पाडण्याजोगी इमारत, असा शेरा आला की डोळ्यांना रुमाल लावावा. अभियंता दुरुस्ती शक्य असल्याचे सांगत ‘सी-२’वरच अडून बसला, तर अभियंता बदलावा किंवा आणखी एक पावसाळा थांबावे.