निगेटिव्ह अहवालाने निश्चिंत होऊ नये
रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली की फ्लू नाही, हे लेखातील विधान मला धोक्याचे वाटते. या टेस्टच्या पट्टीवर विषाणूची जनुके नव्हे, तर त्याचे न्यूक्लिओप्रोटीन (विषाणूच्या आतले एक प्रथिन) ओळखले जाते. त्यामुळे स्वॅब वरवर घेतला किंवा ताप येऊन चार दिवस उलटून गेले असले, तर पॉझिटिव्ह दाखवणारी दुसरी रेघ अनेकदा उमटतच नाही. विषाणूची जनुके शोधणाऱ्या आरटी-पीसीआर या प्रयोगशाळेतील चाचणीच्या तुलनेत अशा बऱ्याच चाचण्यांची संवेदनशीलता 50 ते 70 टक्केच भरते, म्हणजे दहा रुग्णांपैकी तीन ते पाच जण निसटतात. साथ चालू असताना पॉझिटिव्ह अहवाल मात्र बहुधा खरा असतो. गरोदर स्त्री किंवा दम्याचा रुग्ण असेल, तर ओसेल्टामिविर या फ्लूवरील विषाणूरोधी औषधाचा सर्वाधिक लाभ पहिल्या 48 तासांत होत असल्याने, निगेटिव्ह पट्टीकडे बोट दाखवून औषध अडवून ठेवणे मला मुळीच पटत नाही.