नाताळचं झाड आणि महालक्ष्म्यांमागचं रान

जानेवारी लागला की आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर एखादं तरी प्लास्टिकचं ख्रिसमस ट्री आडवं पडलेलं दिसतं. परवा कचरागाडीवाल्याने ते उचललं आणि मलाच विचारलं, "दीदी, इसको किस में डालें?" 2017पासून स्वच्छतेत पहिलं आलेलं आमचं इंदूर, कचरा सहा प्रकारांत वेगळा करतो आम्ही. तरी मला उत्तर सुचेना. आत लोखंडी तार, तिच्यात पिळलेल्या पीव्हीसीच्या पट्ट्या. सोडवत कोण बसणार?

भाची बर्लिनला असते. तिकडे झाड खरंखुरं. सण संपला की रस्त्याच्या कडेला ठेवायचं, पालिका घेऊन जाते. न विकलेली झाडं तर तिथल्या प्राणिसंग्रहालयातले हत्ती चवीने खातात. आणि आपल्याकडे व्हॉट्सॅपवर काय फिरतं? खोडाच्या चकत्या कापून कपाखाली ठेवा, पानं उकळून घर सुगंधी करा! अहो, आमच्या झाडाला खोड म्हणजे गंजका पाइप. उकळायचं काय त्यात?

आमचं चार फुटी झाड मुलगा केजीत असताना आणलेलं. मागच्या वर्षी मांजर चढलं आणि स्टँडचा पाय मोडला. हे म्हणाले, होळीत टाकू. मी साफ नाही म्हटलं. पीव्हीसी जाळलं की हायड्रोजन क्लोराइडचा आणि डायऑक्सिनचा विषारी धूर होतो, आणि त्याच होळीभोवती आपण पोरांना घेऊन फिरतो. तरी गल्लीत कुणीतरी आपलं टाकलंच. डोळे चुरचुरले रात्रभर.

मग मी पक्कड घेऊन बसले. तीन फांद्या बांबूला बांधल्या, दिवाळीच्या सफाईत जळमटं अशी निघाली की बास. (1930च्या दशकात अशी झाडं पहिल्यांदा बनवली ती एका ब्रश कंपनीने, तेव्हा हे आपलं माहेरी परतणंच.) पाइप गच्चीवर गिलकीच्या वेलाला दिला. कुंडीतलं खरं झाड आणणाऱ्यांनी मात्र फेकू नये. नर्सरीत 'ख्रिसमस ट्री' म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा अरोकेरिया असतो, पाइन नव्हे. भरपूर उजेडात ठेवा, शेंडा तेवढा छाटू नका, नाहीतर त्याचा डौल जातो. जमिनीत लावायचा तर घराला आणि तारांना लागून नको, ताडमाड वाढतो.

उरलेल्या फांद्या भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या मागे लावल्या. हिरवंगार रान! हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारत होत्या, राजवाड्याच्या बाजारातून आणलं का? मी नुसती हसले. आरती झाल्यावर सासूबाईंचं लक्ष गेलं: ज्येष्ठेच्या खांद्यामागे एक सोनेरी घंटी तशीच लोंबत होती, नाताळची. मी काढायला धावले.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या, "देवीला घंटा चालते."